मँगनीज भंडाऱ्याचे, बॅटरी परक्यांची!

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, लाखांदूर तालुक्यात, दिघोरी हे झाडीपट्टीतले गाव आहे. शेतीपंपाची वीज रात्री आली की इथला शेतकरी हातात बॅटरी घेऊन धानाच्या बांध्यांकडे निघतो. पंचवीस वर्षांपूर्वी त्या बॅटरीत दोन किंवा तीन सेल असत. ते निकामी झाले की मुले दगडाने फोडत. आतून कोळशाची कांडी निघे आणि काळा मसाला हाताला लागे. आज त्याच शेतकऱ्याच्या हातातली बॅटरी चार्जरवर लागते. ती फोडायची नसते आणि तिच्या आत काय आहे हे गावात कोणाला ठाऊकही नसते. ठाऊक असते ते एवढेच की ती बाहेरून आली आहे.

मुलांच्या हाताला लागणारा तो काळा मसाला मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडचा होता. त्याची खाण याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे आहे. 'मॉइल' या नागपूरस्थित सार्वजनिक कंपनीच्या या उघड्या खाणीतून निघणारे डायऑक्साइड खनिज कोरड्या सेलच्या उद्योगाला पुरवले जाते. त्याच ठिकाणी विद्युत अपघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करणारा, स्वदेशी तंत्रावर आधारलेला कारखानाही आहे. म्हणजे जुन्या बॅटरीचे रसायन जिल्ह्याच्या आवाक्यात होते. नव्या बॅटरीचे रसायन मात्र जिल्ह्याच्याच नव्हे, देशाच्याही हातातून निसटले आहे. खनिज तेच, मूलद्रव्य तेच. मग निसटले ते नेमके काय? या प्रश्नाचे उत्तर ना राजकारण्यांच्या भाषणात मिळते, ना चिनी मालाच्या बहिष्काराच्या पत्रकात. ते मिळते रसायनशास्त्रात, आणि म्हणूनच ते टाळले जाते.

अधिकमासाचे रसायन

आधुनिक बॅटरीच्या मुळाशी असलेल्या क्रियेला शास्त्रज्ञांनी दिलेले नाव मोठे अर्थपूर्ण आहे. पाश्चात्त्य कालगणनेत वर्षामध्ये एखादा दिवस किंवा महिना मध्येच घालणे यासाठी जो शब्द होता, तोच त्यांनी उचलला. मराठी माणसाला ही कल्पना नव्याने समजावून सांगावी लागत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. तो फरक भरून काढण्यासाठी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिकमास येतो. २०२३मध्ये अधिक श्रावण आला, निज श्रावणाला जागा करून देऊन गेला. महिना आत आला, बाहेर गेला, पण पंचांगाचा सांगाडा मोडला नाही. उलट त्यामुळेच ते टिकले. या क्रियेला मराठीत आंतरनिवेशन म्हणता येईल.

कोबाल्ट, निकेल, मँगनीज यांसारख्या धातूंची काही ऑक्साइडे पत्रावळींच्या चळतीसारखी थरांची बनलेली असतात. धातू आणि ऑक्सिजन यांचा एक थर, मग मोकळी फट, पुन्हा थर, पुन्हा फट. या फटींत लिथियमचे आयन बसलेले असतात. बॅटरी चार्जरला लावली की आयन फटींतून बाहेर पडतात आणि पलीकडच्या टोकाच्या कार्बनच्या थरांत जाऊन बसतात. आयन धनप्रभारित असल्याने त्याची भरपाई म्हणून धातूचे अणू एकेक इलेक्ट्रॉन सोडतात. बॅटरी वापरली की प्रवास उलटा होतो, आणि बाहेरच्या तारेतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर मोबाइल चालतो, स्कूटर धावते, दिघोरीच्या बांधावर प्रकाश पडतो. हजारो वेळा आयन काढले आणि घातले तरी थर ढासळू नयेत, एवढीच या विद्येची कसोटी आहे.

कसोटी 'एवढीच' असली तरी ती सोपी नाही. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमधील जवळपास निम्मेच लिथियम व्यवहारात सुरक्षितपणे बाहेर काढता येते. त्याहून अधिक ओढले तर स्फटिकाची रचना डळमळते आणि ऑक्सिजन सुटू लागतो. मँगनीज तर त्याहून हट्टी. ते स्वस्त आहे, कोबाल्टपेक्षा कमी विषारी आहे. पण आयनांच्या ये-जा करताना विशिष्ट प्रभारावस्थेत त्याच्याभोवतीची ऑक्सिजनची मांडणी एका दिशेने ताणली जाते, थर हळूहळू आपले रूप बदलू लागतात आणि धातूचा काही अंश द्रवात विरघळतो. म्हणून निकेल आणि कोबाल्ट यांच्या सोबतीने त्याला थरांत बसवण्यात आले. तिथे मँगनीज स्वतः फारसे बदलत नाही, पण सांगाडा धरून ठेवते.

आणखी एक गोष्ट. दिघोरीच्या मुलांनी फोडलेल्या जुन्या सेलमध्येही याच जातीची क्रिया घडत होती. तिथे मँगनीज डायऑक्साइडच्या स्फटिकातील बारीक बोगद्यांमध्ये हायड्रोजनचा आयन शिरत असे. फरक इतकाच की तो आत गेला की सहजी परत येत नसे. म्हणून सेल एकदाच चाले. भंडाऱ्याच्या मातीला ही विद्या परकी नाही. परके आहेत ते तिला पुढे नेण्याबाबत उदासीन राहिलेले धोरणकर्ते.

माती कोणाची, नाव कोणाचे?

हा इतिहास आजचा नाही. १८९६मध्ये 'सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' स्थापन झाले आणि नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातील मँगनीज इंग्रजी भांडवलाच्या हाती गेले. तुमसर ते तिरोडी हा रेल्वेमार्ग याच खनिजासाठी महत्त्वाचा ठरला. इथली दगडमाती आगगाडीने बंदरावर आणि बंदरावरून युरोप-अमेरिकेतील पोलादाच्या भट्ट्यांत जाऊ लागली.

भूगर्भशास्त्रज्ञ लेविस फर्मोर यांनी १९०९मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यांची विद्वत्ता नाकारण्याचे कारण नाही; पण त्या काळातल्या नामकरणाकडे पाहावे. भारतात सापडलेल्या, बोगद्यांची रचना असलेल्या एका मँगनीज ऑक्साइडला भूसर्वेक्षण खात्याचे प्रमुख टॉमस हॉलंड यांचे नाव मिळाले. ते 'हॉलंडाइट' जगभरच्या पाठ्यपुस्तकांत कायम आहे. मध्य प्रांतातील मँगनीजयुक्त खडकाला मात्र फर्मोर यांनी येथील गोंड समाजावरून 'गोंडाइट' म्हटले. नावात साहेबाला स्फटिक मिळाला आणि गोंडाला खडक. प्रत्यक्षात तर गोंडाच्या वाट्याला कुदळ आणि धूळ एवढेच आले.

स्वातंत्र्यानंतर १९६२मध्ये ही मालमत्ता ताब्यात घेऊन 'मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड' स्थापन झाली. तरीही ४९ टक्के भाग जुन्या ब्रिटिश कंपनीकडे राहिला. तो भाग सरकारने १९७७मध्ये घेतला आणि खाण पूर्णपणे भारतीयांची झाली. इथेच आपली मोठी चूक झाली. खाण आपली झाली की खनिज आपले झाले, असे आपण समजलो. खनिजाची किंमत खाणीच्या तोंडाशी ठरत नाही. ती प्रयोगशाळेत आणि भट्टीत ठरते. डोंगरी बुजुर्गच्या खनिजाचा एक भाग मँगनस ऑक्साइडच्या रूपाने पशुखाद्यात आणि खतातही जातो. हा उपयोग वाईट नाही. पण जे मूलद्रव्य एकविसाव्या शतकाच्या वाहनांचा कणा बनू शकते, त्याच्याविषयीची आपली महत्त्वाकांक्षा गव्हाणीपाशी थांबावी काय?

काँगो की जपान?

जगात दोन उदाहरणे समोरासमोर उभी आहेत. आफ्रिकेतील काँगो हा देश जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी दोन तृतीयांशांहून अधिक कोबाल्ट पुरवतो. थरयुक्त ऑक्साइडच्या बहुतेक लिथियम बॅटऱ्यांत कोबाल्ट वापरले जाते. न्यायाने काँगो श्रीमंत असायला हवा. तो जगातील अतिदरिद्री देशांपैकी एक आहे. तेथे लहान मुलेही खाणीत राबताना आढळली आहेत.

दुसरीकडे जपान. त्याच्याकडे ना लिथियमच्या मोठ्या खाणी, ना कोबाल्टच्या. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत थरांमध्ये लिथियम घालण्या-काढण्यावर बॅटरी चालू शकते हे दाखवले. जॉन गुडइनफ यांनी १९८०मध्ये ऑक्सफर्डमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणले. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५च्या सुमारास त्याला कार्बनची जोड देऊन सुरक्षित बॅटरीचा नमुना केला आणि १९९१मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. या तिघांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. त्यांच्या वतीने स्टॉकहोममध्ये व्याख्यान देणारे अरुमुगम मंथिराम हे तामिळनाडूतील एका खेड्यात जन्मलेले, मद्रासच्या आयआयटीत संशोधन केलेले शास्त्रज्ञ. भारतीय बुद्धी या विद्येच्या अगदी गाभाऱ्यापर्यंत पोहोचली होती. पोहोचली नाही ती भारतीय उद्योगाची आणि शासनाची दृष्टी.

काँगोकडे माती आहे, विद्या नाही. जपानकडे माती नव्हती, विद्या होती. भंडाऱ्याकडे माती आहे आणि विद्या मिळवण्याची साधने शंभर किलोमीटरच्या परिसरात आहेत. आपण काय व्हायचे, हा निर्णय आपला आहे.

'स्वस्त मिळते, मग बनवायचे कशाला?'

इथे काही अर्थपंडित हमखास पुढे येतात. त्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो: चीन स्वस्तात देतो, तर घ्यावे, जागतिक बाजारपेठेत प्रत्येक देशाने आपल्याला जमेल तेच करावे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२च्या अहवालानुसार जगातील लिथियम बॅटऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बॅटऱ्या चीनमध्ये बनत होत्या आणि धन टोकाचा पदार्थ बनवण्याची सुमारे ७० टक्के क्षमता तेथे होती. बॅटरीयोग्य शुद्धतेच्या मँगनीज सल्फेटपैकी तर ९० टक्क्यांहून अधिक एकट्या चीनमध्ये तयार होते. चीनच्या पायाखाली जगातले सर्व मँगनीज दडलेले नाही. तो दक्षिण आफ्रिकेतून, गॅबनमधून खनिज आणतो, शुद्ध करतो, थरांत बसवतो आणि विकतो.

स्वस्ताईचे तत्त्वज्ञान किती महाग पडते, याचा धडा २०२५ने दिला. एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ मृद्धातूंच्या चुंबकांवर निर्यातबंधने घातली आणि ऑगस्टमध्ये पुण्याच्या बजाजच्या विजेवरील चेतक स्कूटरच्या उत्पादनाला त्याचा फटका बसला. जुलैमध्ये त्याच देशाने बॅटरीच्या धन टोकाचे काही पदार्थ बनवण्याचे तंत्रज्ञान परवान्याविना बाहेर नेण्यास मनाई केली. ऑक्टोबरमध्ये बॅटरी आणि तिच्या घटक पदार्थांवरही बंधने जाहीर झाली; ती पुढे काही काळासाठी स्थगित झाली, एवढेच. ज्याच्या हातात नळाची तोटी आहे, त्याने आज पाणी सोडले म्हणून विहीर खणणे थांबवायचे नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. आज अनेक स्वस्त वाहनांत थरयुक्त ऑक्साइडऐवजी लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्या वापरल्या जातात. मग मँगनीजचा आग्रह कशासाठी? कारण त्या लोह फॉस्फेटची शक्ती वाढवण्यासाठीही आता मँगनीज मिसळले जाते. कारण कोबाल्ट कमी करण्याच्या अनेक प्रयत्नांत मँगनीजकडे वळावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिथियमला पर्याय म्हणून पुढे आलेल्या सोडियमच्या बॅटरीत लोह व मँगनीजची थरयुक्त ऑक्साइडे अग्रस्थानी आहेत. सोडियम म्हणजे मिठाचे मूलद्रव्य. ज्या देशाने मिठासाठी सत्याग्रह केला, त्याला सोडियमसाठी कोणापुढे हात पसरण्याची गरज नाही. सोडियमचा आयन लिथियमच्या आयनापेक्षा मोठा असल्याने थरांची आखणी नव्याने करावी लागते. ही शर्यत अजून संपलेली नाही. म्हणजे उशीर झाला असला तरी दार बंद झालेले नाही.

घरातल्या त्रुटी

परक्यांना दोष देणे सोपे असते, आत्मपरीक्षण कठीण. केंद्र शासनाने २०२१मध्ये प्रगत बॅटरी सेलच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली, उद्दिष्ट ५० गिगावॅट तासांचे. उद्देश स्तुत्य होता. पण प्रत्यक्ष उत्पादन उद्दिष्टाच्या फार मागे रेंगाळले. पत्र्याचे डबे भारतात, त्यातले काळे चूर्ण मात्र आयात, अशा कारखान्याला स्वदेशी म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. अर्जेंटिनातील लिथियम क्षेत्रांसाठी जानेवारी २०२४मध्ये करार झाला, जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली. ही पावले योग्य दिशेने आहेत. मात्र परदेशातील खारपाण्यामागे धावताना तुमसरच्या खाणीकडे पाठ फिरवून चालणार नाही.

विदर्भाला कोनशिलांचा अनुभव काही कमी नाही. दिघोरीपासून फार दूर नसलेल्या साकोली परिसरातील मुंडीपार येथे 'भेल'च्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०१३मध्ये झाले. त्यात सौरऊर्जेची उपकरणे बनणार होती. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. दशक उलटले, सरकारे बदलली, पण रोजगाराचा भोंगा वाजला नाही. ही केवळ एका पक्षाची लाज नाही; ती साऱ्या व्यवस्थेची आहे. जिल्ह्यातला रसायनशास्त्राचा पदवीधर पुण्याला जाऊन गोदामात पहारा करतो आणि त्याच्या जिल्ह्याचे मँगनीज मालगाडीतून निघून जाते. दोघेही कच्चा माल म्हणूनच बाहेर पडतात.

बहिष्काराची हाक देणाऱ्यांनीही विचार करावा. दिवाळीत चिनी दिव्यांच्या माळा न घेणे चांगलेच. पण खिशातल्या मोबाइलच्या आत आयनांची ये-जा सुरू असते, तिथे बहिष्कार पोहोचत नाही. न घेण्याचा निर्धार हे स्वदेशीचे पहिले पाऊल, बनवण्याची विद्या हे दुसरे. पहिल्याच पावलावर वर्षानुवर्षे उभे राहणे याला वाटचाल म्हणत नाहीत.

लक्ष्मीनारायणांचे मृत्युपत्र

जे व्हायला हवे ते अवघड आहे, अशक्य नाही. पुण्यात 'केपीआयटी' कंपनीने आयसर संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केले, त्यामागे डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्यासारख्या ज्येष्ठ संशोधकाचे परिश्रम आहेत. तामिळनाडूतील कराईकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था १९५३पासून याच शास्त्राला वाहिलेली आहे. नागपुरात मॉइलचे मुख्यालय आहे, भारतीय खाण ब्यूरो आहे, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. उणीव आहे ती या सगळ्यांना एका जागी, एका उद्दिष्टासाठी बसवणाऱ्या इच्छाशक्तीची.

डोंगरी बुजुर्गच्या खनिजापासून बॅटरीयोग्य शुद्धतेचे मँगनीज सल्फेट, त्यापासून थरयुक्त ऑक्साइडचे चूर्ण आणि त्यापासून सेल, ही साखळी विदर्भातच उभी राहू शकते. जुन्या बॅटऱ्यांतील धातू आम्लाने विरघळवून परत मिळवणे हाही याच साखळीचा दुवा आहे. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी तशी जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पोलादाला मँगनीज लाखो टनांनी लागते आणि त्यासाठी देशाला खनिज आयातही करावे लागते. बॅटरीला तुलनेने थोडे लागते, पण शुद्ध लागते. थोड्या मातीतून मोठे मोल निर्माण करण्याची ही संधी आहे. मात्र हे कारखाने नद्या-तलाव नासवून उभे राहता कामा नयेत. ज्या जिल्ह्याची ओळख धान आणि तलाव आहे, तिथे आम्ल आणि सल्फेट सांडून मिळवलेली आत्मनिर्भरता ही आत्मघातकी ठरेल.

आणि या सगळ्याला एक विसरलेला संदर्भ आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांची संपत्ती मँगनीजच्या खाणींतून आली होती. त्यांनी लक्षावधी रुपयांचे धन नागपूर विद्यापीठाला ठेवले ते उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी. त्यातूनच १९४२मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. २०२३मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पारतंत्र्यात, जेव्हा विदर्भातील मँगनीजचे ढिगारे परदेशी बोटींवर चढत होते, तेव्हा एका भारतीय खाणमालकाने ओळखले होते की या मातीचे खरे मोल तिच्यातल्या रसायनाच्या ज्ञानात आहे. ते त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. इमारत उभी राहिली, विद्यार्थी घडले, अनेक रसायन उद्योगांत त्यांनी नाव कमावले. पण मँगनीजच्या पैशातून सुरू झालेली विद्या मँगनीजकडे परत वळली नाही. ते मृत्युपत्र अजून पूर्णपणे अमलात यायचे आहे.

अधिकमासात दान करण्याची आपली परंपरा आहे. दिलेले दान परत मागायचे नसते. खनिजाचे मात्र तसे नाही. जे बाहेर गेले ते अधिक मोलाचे होऊन परत आले पाहिजे, हाच आयनांचा धर्म आहे. ज्या दिवशी दिघोरीच्या बांधावरच्या बॅटरीत पुन्हा आपल्याच जिल्ह्याचे मँगनीज असेल आणि ते थरांत बसवणारे हातही आपल्याच मुलांचे असतील, त्या दिवशी स्वदेशी हा शब्द घोषणेतून व्यवहारात उतरला असे म्हणता येईल. तोवर खाण आपली, काळोख आपला आणि उजेड तेवढा परक्याचा, हे कटू सत्य पचवावेच लागेल.